राख, चिंच आणि भांड्यांचं यंत्र

लोणारच्या सरोवराचं पाणी बोटांवर घेऊन चोळलं की बोटं बुळबुळीत होतात. कातडीवरच्या तेलाचा तिथल्या तिथे किंचित साबण होतो, म्हणून. त्याच पाण्यात चिमूटभर हळद टाकली तर ती डोळ्यांदेखत लाल होते. मेहकर-लोणार भागातल्या पोरांना हे शाळेच्या आधीच ठाऊक झालेलं असतं. पुढे मी रसायनशास्त्र शिकवायला लागले तेव्हा आम्ल-अल्कलीचा धडा याच हळदीपासून सुरू करत असे. लिटमस कागद नंतर.

उल्का आदळून काळ्या बेसॉल्टात पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की काठावर पांढरा खार उरतो. त्यात मुख्यतः दोन गोष्टी: मीठ आणि सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाडाचं वर्णन करताना, लोणारच्या डोंगरांत काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं, असं नोंदवून ठेवलं. इंग्रजांनी गॅझेटिअर लिहिताना इथल्या खाराच्या प्रती नावानिशी दिल्या: दल्ला, निमकदल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा त्याचे फोटो देशभर फिरले, त्याच वर्षी त्याला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. पण ज्या खारामुळे हे पाणी इतकं वेगळं आहे, त्याचा आपल्या स्वयंपाकघराशी काय संबंध, हे फारसं कुणी बोललं नाही.

संबंध थेट आहे. भांडी धुण्याच्या यंत्रासाठी ‘पर्यावरणपूरक’ म्हणून आज जी पावडर विकली जाते, तिच्या घटकांत बहुतेक वेळा वरच्या बाजूला सोडियम कार्बोनेटचं नाव असतं आणि त्याच्या आसपास सायट्रिक आम्लाच्या क्षाराचं. खार आणि आंबट. माझ्या आजीच्या मोरीतही हीच दोन होती, राखेच्या आणि चिंचेच्या रूपात. मधली साठ-सत्तर वर्षं जगाने तिसऱ्याच एका पदार्थावर भिस्त ठेवली आणि तळी, नद्या नासवल्या. त्या पदार्थाचं नाव फॉस्फेट. तो कसा आला, का आला आणि कसा गेला, हे समजून घेतल्याशिवाय बाजारातल्या हिरव्या पानाच्या चित्राला काही अर्थ नाही, असं माझं मत आहे.

आमच्या घरी भांडी परसात घासली जात. न्हाणीच्या भिंतीला लागून एक उतरती फरशी होती, तिच्या कडेला राखेचं डबडं, चिंचेचा गोळा ठेवलेली फुटकी वाटी, अंबाडीच्या सुतळीचा बोळा आणि पूजेच्या नारळाची शेंडी. वाळलेल्या घोसाळ्याची जाळीही कधी असे. चूल सकाळी निवली की राख काढायची आणि जुन्या पिठाच्या चाळणीतून चाळायची. हे काम आम्हा मुलींकडे असे. आजी सांगायची, “राख चाळून घे वं बाई, खडा राह्यला त भांड्यावर रेघ पडते.”

कोणती राख कशाला, हेही ठरलेलं असे. गोवरीची राख मऊ आणि बारीक. तिच्यात सिलिका भरपूर असते, म्हणून ती घासायला चांगली. काटक्यांच्या आणि लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट जास्त, म्हणून ती तेलकट भांड्यांना. आजीला पोटॅशियम ठाऊक नव्हतं, पण कढईला पऱ्हाटीची राख नि ताटांना गोवरीची, यात तिने कधी गल्लत केली नाही. ओल्या राखेतला खार तेलाला भिडला की थोडा साबण तिथेच तयार होतो. उरलेलं तेल राखेचे कण शोषून घेतात. आमटीच्या ताटाला राख लावली की हळदीचा पिवळा डाग तांबूस व्हायचा, तो लोणारच्या पाण्यातला चमत्कारच होता. पाण्याने विसळलं की सगळं वाहून जायचं आणि पन्हाळातून आळूच्या वाफ्यात पडायचं. त्या वाफ्याला दुसरं खत मी कधी घातलेलं पाहिलं नाही.

चिंच मात्र तेलासाठी नव्हे. ती तांब्या-पितळेसाठी. हवेने तांब्यावर काळपट थर चढतो तो खाराने जात नाही, त्याला आम्ल लागतं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तो थर विरघळवतं आणि खालचं तांबं लख्ख दिसतं. कोकणात हेच काम आमसुलं करत. पण आम्ल भांड्यावर राहिलं तर ते पुन्हा डागाळतं, म्हणून चिंचेनंतर राखेचा हात हवाच. राख उरलेलं आंबट मारते. आधी आंबट, मग खार, मग पाणी, असा क्रम. भांड्याच्या आतल्या बाजूला मात्र चिंच नि विटकरीची पूड लावायची नाही, कारण आत कल्हई असायची. कल्हईवाला भांडं तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा. तो पातळ थर घासून गेला की ताक, आमटी कळकायची आणि पोटात जायला विषारी व्हायची. घासण्यातला हा तारतम्यभाव प्रत्येक घरातल्या बाईला शिकावा लागे.

पाण्याचा हिशेब वेगळा सांगायला हवा. राख कोरडी किंवा जेमतेम ओली लावायची, सगळी भांडी घासून एका बाजूला रचायची आणि मग दोन घमेल्यांत विसळायची. पहिल्या घमेल्यातलं पाणी आळूला, दुसऱ्यातलं दुसऱ्या खेपेला पहिलं. दुष्काळी मुलखातली ही रीत होती. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात वेगवेगळ्या देशांतल्या माणसांना बारा जणांची भांडी हाताने धुवायला सांगून पाणी मोजलं होतं, तेव्हा सरासरी शंभर लिटरच्या आसपास निघालं. नळ सोडून धुतलं की तसंच होणार. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्या मुलखातल्या जुन्या बायकांना शंभर लिटरचा आकडा सांगितला असता तर त्यांनी तो खोटाच मानला असता.

आणखी एक गोष्ट होती, आता जवळजवळ विसरलेली. लग्नकार्याला, पंगतीला ताटं नसतच. पळसाच्या पत्रावळी, द्रोण. जेवण झालं की उकिरड्यावर नाहीतर गुरांपुढे. धुवायला काही उरायचंच नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, चला, पुन्हा राखेकडे. मी ते म्हणणार नाही. राखेचा खार ताटावरच्या तेलापुरता थांबत नाही, तो हाताच्या तेलालाही तसाच लागतो. माझ्या आजीच्या बोटांच्या पेरांना हिवाळ्यात भेगा पडत आणि त्यांतून रक्त येई. रात्री ती तूप चोळून हातांना चिंध्या बांधून झोपायची. आई, काकू, सगळ्यांचे हात तसेच. घरातली उष्टी-खरकटी कुणी काढायची याचं उत्तर ठरलेलं होतं: सुना, आणि सोवळ्या विधवा. ऐपत असलेल्या घरी गरीब जातीतली बाई घासायला येई, आणि तिने लख्ख केलेली भांडी घरातली बाई पुन्हा पाण्यातून काढून मगच आत घेई. तिच्या हाताने निघालेली घाण चालायची, तिच्या हाताचा स्पर्श चालायचा नाही. राखेच्या स्वच्छतेचं कौतुक करताना हे झाकून ठेवणं मला पटत नाही. १९८० मध्ये पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, आणि घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात व्हायला २००८ साल उजाडलं. भांड्यांच्या इतिहासातल्या या तारखा मी कोणत्याही पावडरीच्या तारखेपेक्षा मोठ्या मानते.

राख गेली ती कुणाच्या जाहिरातीमुळे नव्हे. चूल गेली म्हणून गेली. मुंबईत १९५० च्या दशकात बर्शेनचे गॅस सिलिंडर आले, १९६५ मध्ये इंडेन सुरू झालं. त्याआधी नि त्यासोबत रॉकेलचा स्टो होताच. स्टोला राख नसते. शहरात वाढलेल्या माझ्या आत्तेबहिणींना राख विकत आणावी लागायची, नाहीतर कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्याकडून मागावी लागायची. त्याच सुमारास पितळ गेलं आणि स्टील आलं. दुपारच्या वेळी जुने कपडे घेऊन स्टीलचं भांडं देणाऱ्या बोहारणीने ते घरोघर पोचवलं. स्टील आंबटाने डागाळत नाही, त्याला कल्हई लागत नाही, म्हणून चिंच नि कल्हईवाला दोघांचंही काम सुटलं. देवघरातल्या समया-तांब्यांपुरती चिंच राहिली, आणि तिथेही पुढे ठाण्याची पितांबरी आली. ‘जर्मल’ची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पातेली राखेला मुळातच सहन करत नाहीत, खार अ‍ॅल्युमिनियम खातो आणि भांडं काळं पडतं. चुलीतून राख येईना आणि भांड्यांना ती मानवेना, अशी दोन्हीकडून कोंडी झाली.

ती जागा पावडरीने घेतली. आधी धुण्याचा सोडा होता. सौराष्ट्रात मिठापूरला टाटा केमिकल्सचा कारखाना १९३९ मध्ये स्थापन झाला, आणि समुद्राच्या मिठापासून केलेला सोडा गावोगावच्या किराणा दुकानात पोत्यातून मिळू लागला. व्हिम हे नाव तसं जुनं, लिव्हर बंधूंनी ते इंग्लंडमध्ये १९०४ मध्येच बाजारात आणलं होतं. आपल्याकडे डब्याच्या झाकणाला भोकं असलेली घासपूड मध्यमवर्गीय घरांत दिसू लागली ती पुष्कळ नंतर, आणि १९९३ मध्ये व्हिमची वडी आली. त्यांच्या मागोमाग स्थानिक पावडरी. डोलोमाइटची किंवा गारेची पूड, त्यात सोडा, आणि फेसासाठी ‘अ‍ॅसिड स्लरी’. हा धंद्यातला शब्द. पेट्रोलियमपासून केलेल्या सल्फॉनिक आम्लाला कारखानदार तसं म्हणतात. आमच्या तालुक्याच्या गावी बचत गटाच्या बायका ही पावडर घमेल्यात कालवून पिशव्यांत भरत, आणि मी शाळेतून येताना त्यांना हातमोजे घालायला सांगत असे. स्लरी हातावर सांडली की कातडी सोलते.

या पावडरीमुळे दोन सवयी लागल्या. फेस आला म्हणजे भांडं स्वच्छ झालं, ही एक. राख कधी फेसाळली नव्हती आणि तरी भांडी निघत होती, हे एका पिढीत विसरलं गेलं. दुसरी सवय म्हणजे मोरीचं पाणी परसातल्या आळूऐवजी गटारात सोडायची. दुसरी पहिलीपेक्षा घातक, कारण गटारात काय जातं हे धुणाऱ्याला दिसेनासं झालं.

आता यंत्राकडे यायला हवं, आणि त्यासाठी अमेरिकेत जावं लागेल. इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रन या बाईंना भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट २८ डिसेंबर १८८६ रोजी मिळालं. नवरा तीन वर्षांपूर्वी कर्ज मागे ठेवून वारला होता. घरातली चिनी मातीची जुनी भांडी नोकरांच्या हातून कपच्या उडून खराब होतात, हे यंत्र करायचं कारण. त्यांनी ताटं, बश्या, कप मोजून तारेचे कप्पे केले, ते चाकावर बसवले आणि खालच्या तांब्याच्या बंबातलं साबणाचं गरम पाणी त्यांच्यावर जोराने उडेल अशी योजना केली. आधीच्या यंत्रांत भांड्यांवर ब्रश फिरत. यांनी ते काम पाण्याच्या माऱ्याला दिलं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातल्या उपाहारगृहांत ती यंत्रं चालली आणि हॉटेलवाले गिऱ्हाईक झाले. घरांत मात्र ती लवकर शिरली नाहीत. इतकं गरम पाणीच बहुतेक घरांत नव्हतं.

ते पेटंट मिळालं तेव्हा पंडिता रमाबाई अमेरिकेतच होत्या. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाला आल्या होत्या आणि पुढे दोनेक वर्षं त्या देशभर फिरल्या. परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मराठीत लिहिलेलं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झालं. तिकडच्या बायका स्वतःच्या नावावर काय काय करू शकतात, हे मराठी वाचकाला त्या पुस्तकाने सांगितलं. एका विधवेने स्वतःच्या पेटंटवर कारखाना काढला, ही त्याच देशातली, त्याच वर्षांतली गोष्ट.

यंत्राची खरी अडचण पाण्याची निघाली. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम नि मॅग्नेशियम असेल, तर साबणाचा चिकट पांढरा साका होतो आणि तो काचेवर, बश्यांवर बसतो. हाताने घासताना तो पुसून निघतो. यंत्रात पुसायला कुणी नाही. शिवाय यंत्रात फेस झाला तर पाण्याच्या माऱ्याचा जोर मरतो. साबण बाद झाला. १९३० च्या दशकात अमेरिकी रसायनज्ञांनी फॉस्फेटचे असे प्रकार वापरात आणले की जे कॅल्शियमला आपल्यात धरून ठेवतात आणि काही केल्या सोडत नाहीत. पुढे सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट आलं. १९४६ मध्ये कपड्यांसाठी टाइड निघाली ती त्याच्या बळावर, आणि १९५५ मध्ये भांड्यांच्या यंत्रासाठी कॅस्केड. रसायनशास्त्राची शिक्षिका म्हणून मला सांगायलाच हवं की कामापुरतं पाहिलं तर हा पदार्थ अप्रतिम होता. पाणी हलकं करायचा, खार राखायचा, सुटलेली घाण पुन्हा बसू द्यायचा नाही, फेस करायचा नाही, आणि स्वस्त.

त्याचा दोष नळाच्या पलीकडे होता. फॉस्फरस हे झाडाचं अन्न आहे. शेतकरी डीएपी टाकतो ते त्यासाठीच. गोड्या पाण्यात शेवाळाला बाकीचं अन्न मिळतं, फॉस्फरसच कमी पडतो. तो गटारातून मिळाला की शेवाळ माजतं, मरतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं, आणि मासे मरतात. १९६० च्या दशकात लेक ईरी या प्रचंड सरोवराचं हेच झालं. कारखानदारांनी कार्बनवर, नायट्रोजनवर बोट दाखवलं. तेव्हा कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी प्रयोगशाळेतल्या काचपात्राऐवजी एक अख्खं तळं घेतलं, ओंटॅरिओतलं लेक २२६. मध्ये प्लास्टिकचा पडदा टाकून १९७३ मध्ये दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, दुसरा जवळजवळ होता तसाच राहिला. विमानातून काढलेला तो एक फोटो मी वर्गात दाखवायची. इतका स्वच्छ प्रयोग मी दुसरा सांगू शकणार नाही.

कपड्यांच्या पावडरीतून फॉस्फेट अनेक ठिकाणी कायद्याने गेलं, पण यंत्राच्या भांडीपावडरीला सूट मिळत राहिली. अमेरिकेत काही राज्यांत तिच्यात ८.७ टक्क्यांपर्यंत फॉस्फरस चालत असे. ती सूट आधी मोडली वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन परगण्याने, १ जुलै २००८ पासून, मर्यादा ०.५ टक्के. लोक चिडले. गाडी काढून शेजारच्या आयडाहो राज्यात जायचे आणि जुन्या पावडरीचे डबे भरून आणायचे, कारण नव्या पावडरीने काचेवर पांढरी साय उरत होती. दोन वर्षांत, जुलै २०१० पर्यंत, सोळा राज्यांनी तोच कायदा लागू केला आणि कंपन्यांना देशभरासाठी पावडर बदलावी लागली. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१७ पासून एका धुण्याच्या मात्रेत ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त फॉस्फरस नको, असा नियम केला. यंत्राची पावडर खऱ्या अर्थाने सुधारली ती या सक्तीने. कुणाच्या सदिच्छेने नव्हे.

फॉस्फेटच्या जागी जे आलं त्यात नवं थोडं आणि जुनं पुष्कळ. खारासाठी सोडा, म्हणजे लोणारच्या काठावरचाच पदार्थ. कॅल्शियम धरायला सायट्रेट, सायट्रिक आम्लाचा क्षार. डागांसाठी सोडियम परकार्बोनेट, जे पाण्यात गेल्यावर सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड देतं. पेरॉक्साइडचं शेवटी पाणी नि प्राणवायू होतो, आणि चहाचा, हळदीचा रंग उडतो. भाताच्या वाळलेल्या पेजेसाठी नि वरणाच्या, दुधाच्या थरासाठी विकरं, म्हणजे एन्झाइम. विकरं धुण्यात आणायची कल्पना जर्मनीच्या ओटो रोम यांची, १९१३ ची. त्यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून ती काढली होती, आता जिवाणूंकडून करवून घेतात. धुऊन झाल्यावर शेवटच्या पाण्यात किंचित आंबट द्रव सुटतो, तो उरलेला खार मारतो आणि काचेवर डाग पडू देत नाही. आजीचा क्रम आंबट, मग खार. यंत्राचा क्रम खार, मग आंबट. दोन्हींत एकाने दुसऱ्याचा उरलेला अंश काढायचा, हे तत्त्व एकच.

आपल्याकडे ही यंत्रं पुष्कळ वर्षं दुकानात होती, घरात नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत कामाला येणाऱ्या बायकांना सोसायट्यांच्या फाटकातून आत सोडलं जाईना, तेव्हा मागणी एकदम वाढली. पुण्यात माझ्या मुलाकडेही तेव्हाच आलं. सूनबाईने मला विचारलं, “आई, पावडर कोणती आणू? यात तर सगळ्यांवरच इको लिहिलंय.” तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

रिठा आणि शिकेकाई यंत्रात घालू नये. रिठ्यातल्या सॅपोनिनचा फेस होतो आणि फेस यंत्राला चालत नाही. रिठा हाताने घासायला उत्तम, तिथेच वापरावा. घरी पावडर करायची म्हणून सोडा आणि सायट्रिक आम्ल सारख्या प्रमाणात कालवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ओल लागताच दोघं एकमेकांना मारतात. सोडा भरपूर आणि सायट्रिक थोडं असेल तरच खार शिल्लक राहतो. पाणी बोअरचं, जड असेल तर यंत्राच्या मिठाच्या खणात मीठ भरलेलंच हवं. ते न भरता पावडरीला दोष देण्यात अर्थ नाही, कारण फॉस्फेट नसताना कॅल्शियम आवरायचं मोठं काम तेच मीठ करतं. पितळ, कल्हईची भांडी आणि जर्मलची पातेली यंत्रात घालायची नाहीत. जी भांडी राखेला नको होती, ती यंत्राच्या खारालाही नकोत.

‘पर्यावरणपूरक’ म्हणवणाऱ्या सगळ्याच गोष्टी निर्दोष नसतात. यंत्रासाठीच्या वडीवरचं पाण्यात विरघळणारं वेष्टन हे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं, म्हणजे प्लास्टिकच. धातू काळवंडू नये म्हणून काही वड्यांत घालतात ते बेन्झोट्रायाझोल सांडपाण्याच्या केंद्रातून पुरतं निघत नाही आणि युरोपातल्या नद्यांत सापडलं आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यातली साधी पावडर या दोन्हींपेक्षा बरी, आणि तिची मात्रा भांडी किती मळली आहेत ते पाहून कमी करता येते.

आळंदीला इंद्रायणीवर फेसाचे ढीग तरंगतात ते आपण दरवर्षी बातम्यांत पाहतो. तो फेस कारखान्यांच्या आणि घरांच्या न शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा. फॉस्फेटचा फेस होत नाही. त्याचा माग जलपर्णीत दिसतो, ती अशाच पाण्यावर माजते. फेस दिसला की ओरड होते, हिरवा गालिचा दिसला की लोक फोटो काढतात. दोन्ही एकाच गटारातून आलेले आहेत. भारत सरकारने साबण-डिटर्जंटांसाठीही इकोमार्क १९९१ मध्ये आणला, पण तो ऐच्छिक. घ्यायचा तर घ्यायचा. स्पोकेनचा अनुभव सांगतो की ऐच्छिकाने हे काम होत नाही. आपल्याकडेही भांडीपावडरीतल्या फॉस्फरसला सक्तीची मर्यादा हवी, आणि डब्यावर घटकांची यादी पूर्ण, वाचता येईल अशा अक्षरांत हवी.

तोवर दुकानात डबा हातात घेतला की पुढचं पान-फुलाचं चित्र पाहू नका, मागची यादी वाचा. त्यात ट्रायपॉलिफॉस्फेट असेल तर घेऊ नका. यादीच नसेल, तर तो डबा परत फळीवर ठेवा आणि का ठेवला ते दुकानदाराला सांगा.